खोडकर मुलगा, गोड मुलगी

व्याकरणाच्या तासाला मी फळ्यावर एखादं वाक्य लिहीत असे आणि वर्गाला विचारत असे, "यातला कर्ता कोण?" जो करतो तो कर्ता, ज्याच्यावर ते घडतं ते कर्म. एवढं समजलं की निम्मं व्याकरण समजलं! निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. फळा सुटला, सवय मात्र सुटली नाही. हल्ली हा प्रश्न मी लहान मुलांसाठी केलेल्या जाहिरातींना आणि कार्यक्रमांना विचारते, आणि उत्तर फारसं बरं येत नाही.

मे महिन्याची सुट्टी जवळ आली की वर्तमानपत्राच्या पुरवण्यांत करमणूक उद्यानांच्या जाहिराती सुरू होतात. चित्र बहुतेक वेळा ठरलेलं असतं. पुढे एक मुलगा, दोन्ही हात वर, तोंड उघडं, पाळण्यातून जणू उडी मारायला निघालेला. त्याच्या मागे किंवा बाजूला त्याची बहीण. केस छान उडताहेत, गालावर हात, डोळे विस्फारलेले. बाबा गॉगल लावून हसताहेत आणि आई मुलांकडे बघून हसते आहे. आता विचारा, कर्ता कोण? मुलगा ओरडतो, मुलगा उडतो, मुलगा जिंकतो. मुलगी छान दिसते. आई बघते. पूर्ण चित्रात क्रियापद आहे ते एकाच्याच वाट्याला.

तुम्ही म्हणाल, बाईंना आता काही उद्योग उरलेला दिसत नाही. तसं नाही. थोडं मागे जाऊन सांगते.

१९८९ साली गोराईला एस्सेल वर्ल्ड सुरू झालं. मुंबईच्या मुलांना त्याचं केवढं वेड होतं हे ज्यांनी पाहिलंय त्यांनाच कळेल. मार्व्याहून लाँचमध्ये बसायचं, पलीकडे उतरायचं, दिवसभर भटकून संध्याकाळी उन्हाने काळे होऊन परत यायचं. शाळेच्या सहली तिथे जात. आता तिथले पाळणे थांबले आहेत, पण टीव्हीवरची त्याची जाहिरात आणि तिचं गाणं चाळिशीतल्या कुणालाही आजही पाठ असेल. मी ते इथे लिहीत नाही, तुमच्या डोक्यात ते वाजायला लागलंच असेल! त्या गाण्यात एक लहान मूल घरी परत जायला नकार देतं. किती खरी भावना! पण त्यातलं क्रियापद पुल्लिंगी आहे. हट्ट करणारा, घरी न जाणारा तो मुलगाच. माझ्या वर्गातल्या मुली सहलीच्या बसमध्ये ते गाणं म्हणत, त्याही पुल्लिंगीच म्हणत. गाणंच तसं होतं, त्या तरी काय करणार?

गंमत अशी, की हेच गाणं मराठीत झालं असतं तर हा प्रश्नच आला नसता. हिंदीत भविष्यकाळात 'मी' बोलला तरी तो मुलगा की मुलगी हे सांगावंच लागतं. आपल्याकडे 'मी राहीन', 'मी जाणार नाही' यात लिंग नाही. मुलगा म्हणो की मुलगी, हट्ट सारखाच. आपल्या भाषेने ही एक जागा मोकळी ठेवली आहे याचा मला मराठीची शिक्षिका म्हणून फार आनंद होतो.

पुढे २०१३ साली खोपोलीजवळ इमॅजिका आलं. सगळं भव्य. माझ्या भाच्याने तिथला नकाशा घरी आणला होता तो मी चष्मा लावून वाचला. सुरुवातीच्या काळातल्या खेळांची नावं बघा. मिस्टर इंडिया. अलिबाबा और चालीस चोर. प्रिन्स ऑफ द डार्क वॉटर्स. बँडिट्स ऑफ रॉबिन हूड. सलीमगढ. डायनासोरचाही एक खेळ, त्याचं नाव राजासॉरस. (हा डायनासोर खरोखरचा आहे बरं का. नर्मदेच्या खोऱ्यात त्याचे अवशेष सापडले आणि २००३ मध्ये शास्त्रज्ञांनी त्याला हे नाव दिलं. पण राणीसॉरस काही अजून सापडलेली दिसत नाही!) कुणी मुद्दाम बायकांना वगळायला बसलं असेल असं मला मुळीच वाटत नाही. शूर, धाडसी, जादूचं असं काही आठवायला बसलं की पहिल्यांदा पुरुषाचंच नाव आठवतं, एवढंच. आणि म्हणूनच ते जास्त विचार करायला लावतं.

यातल्या अलिबाबाशी माझं जुनं भांडण आहे. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी अरबी भाषेतल्या सुरस आणि चमत्कारिक गोष्टी मराठीत आणल्या तेव्हापासून मराठी घरांमध्ये या गोष्टी रुजल्या. अलिबाबाची गोष्ट लहानपणापासून आपण ऐकतो. पण ती नीट आठवून बघा. अलिबाबाने काय केलं? झाडावर लपून मंत्र ऐकला आणि गुहेतलं सोनं घरी आणलं. बस्स. पुढचं सगळं केलं ते त्या घरातल्या दासीने, मर्जीनाने. चोरांनी दारावर खडूची खूण केली, ती तिने पाहिली आणि आजूबाजूच्या सगळ्या दारांवर तशाच खुणा करून ठेवल्या. दुसऱ्या चोराने वेगळ्या रंगाची खूण केली, तिने पुन्हा तेच केलं. मग चोरांचा सरदार तेलाचा व्यापारी होऊन आला आणि बुधल्यांमध्ये आपली माणसं लपवून आणली. रात्री दिव्यातलं तेल संपलं म्हणून मर्जीना बुधल्यापाशी गेली, तर आतून आवाज आला, वेळ झाली का? दुसरी कुणी किंचाळली असती. ही शांतपणे म्हणाली, अजून नाही. आणि मग तिने काय केलं ते तुम्हाला माहीत आहे. शेवटी सरदार पुन्हा वेष पालटून जेवायला आला, तेव्हा घरच्या मिठाला तो नाही म्हणतो एवढ्यावरून तिने त्याला ओळखलं. अलिबाबा त्या वेळी पाहुण्याची सरबराई करत होता.

म्हणजे निरीक्षण तिचं, हुशारी तिची, धैर्य तिचं, आणि पाटीवर नाव अलिबाबाचं आणि चाळीस चोरांचं. चोरांचासुद्धा आकडा आहे, मर्जीनाचं नाव नाही! वर्गात ही गोष्ट सांगून झाल्यावर मी विचारत असे, "हिला तुम्ही काय नाव द्याल?" दरवर्षी कुणी ना कुणी, कधी मुलगी तर कधी मुलगाही, उठून म्हणायचा, "बाई, मर्जीना आणि चाळीस चोर." मुलांना कळतं हो. कुणीतरी विचारावं मात्र लागतं.

टीव्हीवर वेगळं काही नाही. छोटा भीम २००८ पासून पोगोवर आहे. त्याच्या मागोमाग मायटी राजू, मोटू-पतलू, शिवा, रुद्र, लिटिल सिंघम असे किती आले. नावं वाचली तरी पुरे. भीमबरोबर चुटकी असते. ती भित्री नाही, समजूतदार आहे, बऱ्याचदा धीटही असते. पण तिची खरी ओळख कसली, तर लाडवांची. तिच्या आईचं लाडवांचं दुकान आणि लाडू खाल्ले की भीमला बळ येतं. लाडू मी पण करते, लाडवांवर माझा राग नाही. पण चुटकीने स्वतः लाडू खाऊन एखादा राक्षस लोळवावा असं इतक्या वर्षांत कितीदा झालं?

२०२० मध्ये एक मजेदार प्रकार घडला. भीमचं लग्न राजकन्या इंदुमतीशी झालं अशी बातमी ट्विटरवर पसरली आणि चुटकीला न्याय द्या म्हणून मोठी ओरड झाली. शेवटी कार्यक्रम करणाऱ्या कंपनीला खुलासा करावा लागला की ही सगळी अजून लहान मुलं आहेत, कुणाचं लग्न झालेलं नाही. सगळे हसले. मीही हसले. पण नंतर वाटलं, चुटकीवर अन्याय झाला हे लोकांना कधी जाणवलं? तर तिचं लग्न हुकलं तेव्हा! तिच्या नावाची मालिका का नाही, यासाठी कुणी न्याय मागितला नाही.

आता हे सगळं बनतं कुठे? काही प्रमाणात आमच्याच शेजारी. वर्सोव्यात आराम नगर नावाची जुन्या बैठ्या घरांची वसाहत आहे. गेली कित्येक वर्षं तिथे ऑडिशन घेणाऱ्यांची ऑफिसं, तालमीच्या जागा, लहानशी नाट्यगृहं चालत आली आहेत. सकाळी फिरायला जाताना मला मुलांना घेऊन रांगेत उभ्या असलेल्या आया दिसतात. एकीशी ओळख झाली होती. कांदिवलीहून आठ वर्षांच्या मुलीला घेऊन आली होती. मुलगी चुणचुणीत, तोंडाची टकळी सारखी चालू. आईने फोनवरचा निरोप मला दाखवला. कुठल्यातरी मुलांच्या वस्तूची जाहिरात होती. हवं काय होतं, तर मुलगा सात ते नऊ, खोडकर. मुलगी सहा ते आठ, गोड. आई लेकीला सांगत होती, "आत गेल्यावर जास्त बोलू नकोस हं, गोड हस फक्त."

मी शब्दांची माणूस, मला ते दोन शब्द दिवसभर सोडेनात. खोडकर म्हणजे जो खोड्या करतो. त्या शब्दात क्रिया आहे. गोड म्हणजे जी दुसऱ्याला गोड लागते. त्यात ती स्वतः काहीच करत नाही. जाहिरात पडद्यावर यायच्या कितीतरी आधी, आराम नगरच्या रांगेतच कर्ता आणि कर्म ठरून जातं. आणि ती आईही वाईट नव्हे. मुलीला काम मिळावं म्हणून तिला गप्प बसायला शिकवत होती.

आता माझी नातवंडं. मागच्या वर्षी उपनगरातल्या एका मॉलमधल्या मुलांच्या खेळघरात एका वाढदिवसाला आम्ही गेलो होतो. दारातच मुलांना वेष द्यायची सोय. माझ्या सहा वर्षांच्या नातीला समुद्री चाच्याची डोळ्यावरची काळी पट्टी हवी होती. काउंटरवरची मुलगी अगदी प्रेमाने म्हणाली, "बेबी, गर्ल्ससाठी प्रिन्सेस आहे ना!" नातीला मुकुट मिळाला, पायघोळ झगा मिळाला. थोड्या वेळाने ती दोराच्या जाळीवर चढायला निघाली तर दुसऱ्या ताईने थांबवलं, झगा अडकेल म्हणून. घसरगुंडीवरही तेच. तासभर ती झगा सावरत इकडून तिकडे फिरली आणि तिचे फोटो मात्र सगळ्यात जास्त निघाले. सात वर्षांचा नातू गालावर चित्र काढून घ्यायच्या रांगेत होता. त्याला फुलपाखरू हवं होतं. त्याने तोंड उघडायच्या आत गालावर कोळी आला, स्पायडरमॅनवाला. (वर्सोव्यात राहून आणखी कोळ्याची काय गरज होती, देव जाणे!) त्याने फुलपाखराचं नाव काढलं तेव्हा मागचा एक मोठा मुलगा हसला. नातू पुन्हा काही बोलला नाही. घरी येईपर्यंत गप्प होता.

नातीने रात्री विचारलं, "आजी, मुली चाचे नसतात का?" मी तिला अ‍ॅन बॉनी आणि मेरी रीडची गोष्ट सांगितली. १७२० मध्ये या दोघींना पकडलं आणि जमैकात त्यांच्यावर खटला चालला. खऱ्याखुऱ्या बायका, खरीखुरी जहाजं. चाच्यांचा धंदा काही आदर्श नव्हे, पण तिला हवं होतं ते उत्तर मिळालं. नातवाच्या प्रश्नाचं उत्तर अवघड होतं, कारण त्याने प्रश्न विचारलाच नाही. या साच्यात मुलीचं नुकसान होतं ते दिसतं तरी. मुलग्याचं दिसतही नाही. त्याला सुंदर काही आवडलं तर ते लपवायचं असतं, हे तो सातव्या वर्षी शिकला.

हे सगळं मी माझ्या कॅलिफोर्नियातल्या भाचीला फोनवर सांगितलं, तर तिचा नवरा म्हणाला, "मावशी, हा धंदा आहे. मुलांना जे आवडतं तेच ते विकतात. मुलींना गुलाबी आवडतंच." मुद्दा अगदीच टाकाऊ नाही. नटायला कुणाला आवडत नाही? मला या वयातही नवी साडी आवडते. राजकन्या व्हायला माझा विरोध नाही. पण आवडणं आणि दुसरं काही समोर न ठेवणं यात फरक आहे. एकच भाजी रोज वाढायची आणि मग म्हणायचं, आमच्या घरी सगळ्यांना हीच आवडते!

आणि धंदाही बदलतो, हे त्यांच्याच गावाकडचं उदाहरण आहे. कॅलिफोर्नियाच्या डिस्नेलँडमध्ये १९६७ पासून समुद्री चाच्यांचा एक प्रसिद्ध खेळ आहे. होडीत बसून जायचं आणि दोन्ही बाजूंना पुतळ्यांचे देखावे बघायचे. त्यातल्या एका देखाव्यात बायकांचा लिलाव चालला होता, चाचे बोली लावताहेत आणि होडीतून पोरंबाळं बघताहेत. अर्धं शतक ते तसंच होतं. २०१८ मध्ये तो लिलाव काढून टाकला. लिलावात उभी असलेली लाल केसांची बाई आता स्वतःच चाचा झाली आहे, हातात बंदूक घेऊन. जुन्या चाहत्यांपैकी काहींना वाईट वाटलं. पण होड्या चालूच राहिल्या, रांगा कमी झाल्याचं काही ऐकलं नाही.

आपल्याकडेही बदल होतो. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकातली चित्रं बदलली. एका चित्रात बाई आणि पुरुष दोघं मिळून भाजी निवडताहेत. तेव्हा त्यावर चर्चाही झाली, थट्टाही झाली. मी निवृत्त होते, पण पुस्तक मागवून ते चित्र पाहिलं आणि फार बरं वाटलं. सरकारी पुस्तकाला जे जमलं ते रंगीबेरंगी करमणुकीला का जमू नये?

खरं तर आपल्याला हे शिकायला परदेशात जायचीही गरज नाही. सुधा करमरकरांनी १९५९ मध्ये लिटल थिएटर काढून मराठी बालरंगभूमीचा पाया घातला. त्यांचं पहिलं नाटक रत्नाकर मतकरींचं, आणि त्याचं नाव 'मधुमंजिरी'. मुलीचं नाव! त्यात सुधाताई स्वतः चेटकीण झाल्या होत्या. ना. धों. ताम्हनकरांनी 'गोट्या' लिहिला तशी 'चिंगी'ही लिहिली. म्हणजे आपल्या जुन्या माणसांना हे सुचत होतं. मधल्या काळात बाजार मोठा झाला आणि कल्पना लहान झाली.

आणि खरं जग तर या खेळण्यातल्या जगाच्या कितीतरी पुढे आहे. आमच्या वेसाव्याच्या कोळीवाड्यात जाऊन बघा. पुरुष समुद्रावर जातात, पण मासळी किनाऱ्याला लागली की भाव करणारी, विकणारी, पैसे मोजून कमरेला लावणारी बाई असते. तिच्याशी घासाघीस करायची हिंमत माझीही होत नाही. तिथल्या पोरीला कुणी सांगावं की मुली फक्त गोड असतात! ८ जून २०१४ ला वर्सोव्याहून घाटकोपरला मुंबईची पहिली मेट्रो सुटली, ती रूपाली चव्हाण यांनी चालवली. साताऱ्याच्या सुरेखा यादव त्याच्याही कितीतरी आधी रेल्वेच्या इंजिनात चढल्या, २००० मध्ये त्यांनी लेडीज स्पेशल लोकल चालवली, २०२३ मध्ये सोलापूरहून मुंबईला वंदे भारत आणली आणि २०२५ मध्ये मानाने निवृत्त झाल्या. खरी आगगाडी बाई चालवते, आणि तिकीट काढून ज्या खोट्या दुनियेत आपण मुलांना नेतो तिथे मात्र तिला झगा सावरत उभं राहायला सांगतात. खोटी दुनिया खऱ्यापेक्षा मोठी असायला हवी ना? मग पैसे कशाचे देतो आपण?

यावर उपाय म्हणून मुलांना नेऊच नका, टीव्ही बंद करा, असं मी म्हणणार नाही. पाळण्यात बसल्यावर पोटात जो गोळा येतो त्याला मुलगा-मुलगी कळत नाही, आणि तो आनंद सगळ्यांना मिळायला हवा. माझं म्हणणं साधं आहे. काउंटरवर न भांडता, हसून विचारायचं, "आमच्या मुलीला चाच्याची पट्टी मिळेल का? आणि या मुलाला फुलपाखरू?" एकाने विचारलं तर ती ताई गोंधळेल. दहाव्याने विचारलं तर खोक्यात पट्ट्या जास्त येतील. धंदा आहे ना, मग गिऱ्हाइकाचं ऐकतीलच.

आणि या सुट्टीत नातवंडं घरी आली की त्यांना मर्जीनाची गोष्ट सांगा. मुलग्यांनाही सांगा, त्यांनाच आधी सांगा. गोष्ट संपल्यावर तिला काय नाव द्यायचं ते मुलांनाच विचारा, आणि त्यांनी काय नाव दिलं ते मला नक्की कळवा.